पाटीचा आकार आणि रेषेची चाल



चित्रकला-शिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाला पाचारण करावे, यात संयोजकांचे औदार्य अधिक की धाडस, हे मला सांगता येणार नाही. माझा विषय शब्दांचा. रेषेशी माझा संबंध आला तो शिरोरेषेपुरता. परंतु निमंत्रणाच्या पत्रात एक प्रश्न होता आणि त्या प्रश्नाने मला गेले दोन महिने स्वस्थ बसू दिले नाही. माजी विद्यार्थ्यांनी जमविलेल्या निधीतून चित्रकलेच्या वर्गासाठी संगणकाला जोडावयाच्या 'ड्रॉइंग टॅबलेट' घ्यावयाच्या आहेत. एका पक्षाचे म्हणणे, लहान आकाराच्या घ्याव्यात, म्हणजे जास्त मुलांच्या हाती येतील. दुसऱ्याचे म्हणणे, घ्यायच्या तर मोठ्याच घ्याव्यात, मग संख्या कमी झाली तरी चालेल. पत्राच्या शेवटी, आपण या संदर्भात काही इतिहास सांगाल काय, अशी पृच्छा होती.

हा प्रश्न किरकोळ खरेदीचा आहे असे मला प्रथम वाटले होते. आता तसे वाटत नाही. मुलाचा हात कोणत्या सांध्यातून हलावा, हे आपण ही वस्तू निवडताना ठरवीत असतो, असे माझे मत झाले आहे. ते कसे झाले, हे क्रमाने सांगतो.

आरंभ शब्दापासून करणे मला भाग आहे. 'टॅबलेट' म्हटले की आमच्या वयाच्या माणसाला आधी औषधाची गोळी आठवते. परंतु मूळ अर्थ लहानसा फलक असाच आहे, आणि आपल्याकडे त्याला 'पाटी' हा नितांत सुंदर शब्द तयार आहे. संस्कृत गणितग्रंथांत अंकगणितालाच 'पाटीगणित' म्हणत. श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचे नावच ते आहे. फळीवर धूळ पसरून तीवर आकडे मांडायचे, पुसायचे, पुन्हा मांडायचे. त्याच धुळीवर मुलांचा ओनामा होत असे आणि म्हणून मराठीत आजही प्राथमिक धड्यांना आपण 'धुळाक्षरे' म्हणतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत अँड्र्यू बेल या पाद्र्याने मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली आणि ती रीत उचलली. १७९७ साली त्याने त्यावर पुस्तिका लिहिली आणि इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांत वाळूचे तबक गेले. लिहिल्याची खूण मागे न ठेवणारी, हवी तितक्या वेळा कोरी होणारी पाटी ही कल्पना आपल्या मुलांना नवी वाटत असली तरी आपल्या भाषेला नवी नाही. यापुढे मी 'टॅबलेट' आणि 'पाटी' हे दोन्ही शब्द वापरीन.

आता आकाराकडे येतो. दुकानात या पाट्या 'स्मॉल', 'मीडियम', 'लार्ज' अशा नावांनी मिळतात. ही कपड्यांची मापे झाली. कोणाच्या मानाने लहान आणि कोणाच्या मानाने मोठी, हे त्यांत कळत नाही. आपल्या पूर्वजांची मापे शरीरातूनच निघाली होती: अंगुळ, वीत, हात. बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात. शिल्पशास्त्रातला 'ताल' हाही बारा अंगुळांचा, चेहऱ्याच्या लांबीएवढा. मला गंमत वाटते ती अशी की ही तीन मापे म्हणजे रेषा काढण्याच्या तीन रीतीही आहेत. अंगुळभर रेषा बोटे काढतात, मनगट स्वस्थ असते. वीतभर रेषा तळहाताची कड टेकवून मनगट काढते. हातभर रेषा काढायची तर टेकलेला तळहात उचलावा लागतो. कोपर आणि खांदा कामाला लागतात. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते सर पहिल्या काही तासांत कागद देतच नसत, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकले आहे. फळ्यापाशी उभे करून, हात न टेकवता, वर्तुळे काढावयास लावीत. मुलांना तो छळ वाटे. त्या छळामागचा विचार मला पुढील उदाहरणांवरून उमगला.

उदाहरणांसाठी भोपाळबाहेर फार दूर जावे लागत नाही. येथून पंचेचाळीस किलोमीटरवर भीमबेटका आहे. १९५७ साली आगगाडीच्या खिडकीतून ते चमत्कारिक खडक पाहून जो माणूस पुढे त्यांच्यापर्यंत चालत गेला, तो नीमचला जन्मलेला, उज्जैनला कर्मभूमी मानणारा एक मराठी चित्रकार होता: डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर. पुरातत्त्वज्ञ म्हणून त्यांची कीर्ती झाली, १९७५ साली 'पद्मश्री' मिळाली, १९८८ मध्ये सिंगापूर येथे ते वारले. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसा ठरले, ते पाहावयास ते नव्हते. शैलचित्रांच्या हजारो प्रतिकृती त्यांनी हाताने काढल्या. ते चित्रकार होते म्हणूनच हे शक्य झाले, असे माझे मत आहे.

तेथे गेलात तर चित्रांच्या विषयांपेक्षा त्यांच्या मापांकडे एकदा पाहा. एकाच आश्रयात बोटभर उंचीचे नाचणारे मनुष्य आहेत आणि जवळच माणसाचा पाठलाग करणारा प्रचंड वराहसदृश पशूही आहे. लहान माणसांच्या हातापायांच्या काड्या एकेका फटकाऱ्यात आल्या आहेत. तेथे बोटांचे काम. मोठ्या पशूची पाठ मात्र एका लांब वळणाने जाते आणि ते वळण कोठेही अडखळत नाही. ते मनगटातून निघणेच शक्य नाही. ते काढणारा माणूस पुढे-मागे सरला असला पाहिजे. काही चित्रे तर इतक्या उंचावर आहेत की आधी चढण्याची सोय करूनच ती काढली गेली असावीत. भिंत जेवढी मोकळी, तेवढा चित्रकाराचा देह चित्रात उतरतो. तोच पशू पुस्तकाच्या पानावर छापलेला पाहिला की आकृती तीच राहते आणि चाल मात्र हरवते. कोणी वहीच्या पानावर त्याची नक्कल केली तर पाठीच्या त्या एका रेषेला तीन ठिकाणी सांधा येतो. मी स्वतः करून पाहिले आहे. माझ्या नकलेत पशू कमी आणि सांधे जास्त होते.

यावरून मोठा फलक श्रेष्ठ आणि लहान कनिष्ठ, असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. याच प्रदेशाने त्याच्या उलट बाजूचेही उदाहरण दिले आहे. आपल्या शेजारच्या नरसिंहगढ येथे १६८० साली माधोदास नावाच्या चित्रकाराने रागमाला चितारली. माळवा शैलीचे हे काम पोथीच्या पानाएवढ्या कागदावरचे. गुडघ्यावर फळी, खारीच्या केसांचा कुंचला, आणि हालचाल फक्त बोटांची. तेथे मोठा कागद दिला असता तर चित्रकार मोठा झाला नसता, गोंधळला मात्र असता. ज्या हाताने पानावर काम करायचे शिकले आहे त्याला पान हेच योग्य माप. योग्य आकार असा फलकाला एकट्याला नसतो; तो हात, काम आणि फलक या तिघांमध्ये ठरतो.

भिंतीवरून कागदावर येताना काय होते, हे तर आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे, आणि त्यात पुन्हा एका मराठी माणसाचा हात आहे. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना कागद देऊन मिथिलेत पाठविले. भिंती रंगविणाऱ्या स्त्रियांनी कागदावर चित्रे काढावीत आणि ती विकून चार पैसे मिळवावेत, हा हेतू. तेच कुलकर्णी पुढे डहाणूच्या बाजूस वारल्यांमध्ये गेले आणि सत्तरीच्या दशकारंभी गंजाडचे जिव्या सोमा म्हशे कागदावर चित्रे काढू लागले. लग्नाचा चौक लिहिणे हे तोवर सुवासिनींचे काम होते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, उभ्याने. म्हशे यांच्या कागदावर माणसे बारीक झाली, त्यांची संख्या वाढली, आणि शेकडो आकृत्यांची गर्दी एका चक्राकार लयीत फिरू लागली. भिंतीने जे कधी मागितले नव्हते ते कागदाने मागितले. २०१८ साली म्हशे गेले. तोवर वारली चित्र म्हणजे कागदावरचे किंवा कापडावरचे चित्र, असेच शहरातल्या माणसाला वाटू लागले होते.

भोपाळकरांना याचे जवळचे उदाहरण ठाऊक आहे. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी भारत भवन सुरू झाले. त्याच्या आधीच्या वर्षी जगदीश स्वामीनाथन यांच्या माणसांना मंडल्याकडच्या पाटणगढ गावी घरांच्या भिंतींवर एका तरुण परधान मुलाचे काम दिसले. जनगढ सिंह श्याम भोपाळला आले, त्यांना कागद, शाई, रंग मिळाले, भारत भवनाच्या मुद्रणशाळेत काम मिळाले. १९८९ साली त्यांची चित्रे पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात लागली. कागदावर त्यांनी काय केले? हरणाचे किंवा मोराचे अंग त्यांनी बारीक ठिपक्यांनी आणि आडव्या छोट्या रेघांनी भरून टाकले. ही भरण बोटांची आहे, पेनाची आहे, टेकलेल्या हाताची आहे. पण बाह्यरेषा, त्या शिंगांचे झाड होत जाणे, ते अजून भिंतीवरचेच राहिले. पुढे चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या येथील विधानभवनाच्या भिंती त्यांना मिळाल्या, तेव्हा तो हात पुन्हा आपल्या घरच्या मापाला आला. २००१ मध्ये जपानमध्ये, घरापासून फार दूर, त्यांचा अंत झाला. त्या गोष्टीवर मी येथे बोलणार नाही. ती वेगळ्या व्याख्यानाची आणि वेगळ्या अधिकाराची आहे. मला एवढेच नोंदवायचे आहे की दोन्ही हालचाली येणारा कलावंत लहान फलकावर गेला तरी मोठी हालचाल विसरत नाही. ज्याने ती कधी केलीच नाही, तो काय लक्षात ठेवणार?

माझ्या स्वतःच्या क्षेत्रातही हेच दिसते. मोडी कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे की लेखक आधी कागदभर शिरोरेषा आखून घेई आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलून अक्षरे त्या रेषेला लोंबकळवीत जाई. म्हणजे ओळीचा आरंभ हाताच्या लांब हालचालीने आणि मजकूर बोटांच्या चपळाईने. दोन हालचाली, दोन मापे, एकच कागद. देवनागरीत आपण शब्द लिहून मग वर रेघ ओढतो, तीही शब्दापुरती. आणि फळ्यावर लिहिताना? मी पस्तीस वर्षे फळ्यावर लिहिले. माझे फळ्यावरचे अक्षर आणि वहीतले अक्षर एकाच माणसाचे आहे असे कोणी म्हणणार नाही. फळ्यावरचे अक्षर बरे आहे, असे घरात मत आहे.

आता संगणकाच्या पाटीकडे वळू. तिचा इतिहास साठ वर्षांहून थोडा अधिक आहे. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने प्रकाशाच्या लेखणीने थेट पडद्यावर आकृत्या काढून दाखविल्या. परंतु उभ्या पडद्यासमोर हात उचलून धरणे किती वेळ चालणार? खांदा दुखतो. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, कॅलिफोर्नियातील रँड या संस्थेने मेजावर आडवी ठेवण्याची पाटी तयार केली. साधारण दहा इंच लांब, दहा इंच रुंद, आत तारांची जाळी, आणि लेखणीच्या टोकाला ओळखता येतील अशा दहा लाखांहून अधिक जागा. हात मेजावर, डोळे पडद्यावर. आज तुमची मुले ज्या तऱ्हेने काम करतात तिचा जन्म तेथे झाला. जपानमध्ये १९८३ साली वॅकॉम ही कंपनी निघाली आणि तिने लेखणीची तार काढून टाकली. पाटीच्या आतील तारा चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात, लेखणीतील वेटोळे त्याला प्रतिसाद देते, आणि लेखणीला विजेचा घटही लागत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण खरेदीची सारी मेख तीत आहे. संगणकाचा माऊस उचलून पुन्हा ठेवता येतो. पाटीचे तसे नाही. पाटीचा डावा वरचा कोपरा म्हणजे पडद्याचा डावा वरचा कोपरा, उजवा खालचा म्हणजे उजवा खालचा. पाटी लहान असो वा मोठी, तिच्यावर सबंध पडदा मावलेला असतो. अर्थात पाटी जितकी लहान, तितकी हाताची हालचाल पडद्यावर मोठी होऊन उमटते. हिशेब करू. वॅकॉमने २०१८ साली आणलेल्या 'इन्टुऑस' मालिकेत लहान पाटीचे चित्रक्षेत्र १५२ बाय ९५ मिलिमीटर आहे, मध्यमचे २१६ बाय १३५. त्याआधीच्या वर्षीच्या 'इन्टुऑस प्रो'मधील मोठ्या पाटीचे ३११ बाय २१६. चोवीस इंची रुंद पडदा साधारण ५३१ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे लहान पाटीवर हात एक मिलिमीटर हलला की पडद्यावर रेषा साडेतीन मिलिमीटर जाते, मध्यमवर अडीच, मोठीवर एक आणि सात दशांश. रेषा मोठी होते तशी हाताची थरथरही मोठी होते. नातीच्या लहान पाटीवर मी 'शाळा' हा शब्द लिहून पाहिला. शिरोरेषा भीमबेटकाच्या डोंगरासारखी दिसत होती. माझ्या वयाला दोष द्यावा म्हटले, तर नातीची रेषाही फार सरळ नव्हती.

परंतु तीच लहान पाटी चौदा इंची लॅपटॉपला जोडली, तर पडदा साधारण ३१० मिलिमीटरच रुंद. तेथे वाढ दुपटीची. म्हणून नुसत्या पाटीचा आकार विचारणे अपुरे आहे. पडदा किती, हे आधी विचारावे. आणखी एक बारीक गोष्ट. बहुतेक पडद्यांची रुंदी-उंची सोळास नऊ. वरच्या लहान-मध्यम पाट्यांची सोळास दहा. दोहोंचे प्रमाण जुळवून घेतले नाही तर काढलेले वर्तुळ किंचित चपटे उमटते आणि मुलाला वाटते आपलाच हात चुकला. जुळवणीची सोय पाटीच्या प्रणालीत असते. ती करून द्यावी. पाटीची थोडी पट्टी वाया जाते, मुलाचा आत्मविश्वास मात्र वाया जात नाही.

आता वितीने मोजा. लहान पाटी वीतभरही नाही. मोठ्या माणसाचे ती फक्त बोटांचे आणि मनगटाचे माप. मध्यम पाटी जवळजवळ बरोबर एक वीत. मोठी दीड वीत होते. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा ज्या कागदावर महाराष्ट्रातील पिढ्यान् पिढ्यांनी दिल्या तो पाव इम्पीरियल कागद पंधरा इंच बाय अकरा इंच, म्हणजे ३८० बाय २८० मिलिमीटरच्या आसपास. दुकानातली ही 'लार्ज' पाटी आपल्या परीक्षेच्या साध्या कागदाहूनही लहान भरते. 'मोठी पाटी' म्हणताना आपण काय म्हणत आहोत, ते यावरून ध्यानात यावे.

मात्र वीत ही सर्वांची सारखी नसते, हाही त्या मापाचा गुण आहे. पाचवीतल्या मुलीची वीत पंधरा सेंटीमीटरच्या आसपास. तिच्या दृष्टीने लहान पाटी हीच वीतभर पाटी होय. तिला मोठी पाटी दिली तर पडद्याच्या कोपऱ्यावरील खुणेपर्यंत पोहोचण्यासाठी दर वेळी अंग वाकवावे लागेल. शिवाय मोठी पाटी मेजावर कळफलकाला जागा ठेवीत नाही. मग ती तिरकी ठेवली जाते, आणि तिरक्या पाटीवर सरळ रेषा तिरकीच येणार.

तेव्हा संयोजकांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. सगळ्या एकाच आकाराच्या घेऊ नयेत. खालच्या इयत्तांच्या वर्गात लॅपटॉप आहेत असे समजले. तेथे लहान पाट्या चालतील, खुशाल घ्याव्यात. आठवीपासून पुढे, जेथे मोठे पडदे आहेत, तेथे मध्यमपेक्षा लहान पाटी घेऊ नये, मग त्या दहाच्या ऐवजी सहा आल्या तरी हरकत नाही. दोघांनी एक वापरावी, एक काढील, दुसरा पाहील. पाहणे हेही शिकणेच आहे. मोठी एकच असावी, ती खोलीच्या कडेला मोकळ्या मेजावर. आणि या सगळ्याचा पैसा वाचवून फळा काढून टाकण्याची जी सूचना चर्चेत आली म्हणे, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. संगणकाची कोणतीही पाटी मुलाचा खांदा हलवीत नाही. ते काम त्या खोलीत आजही फक्त फळा करतो.

माझ्या मतावर विसंबून राहण्याचेही कारण नाही. येताना मी जुन्या वर्तमानपत्राचे तीन तुकडे कापून आणले आहेत, वर सांगितलेल्या तीन मापांचे. व्याख्यानानंतर ते चित्रकलेच्या खोलीत मेजावर ठेवतो. संगणकासमोर, कळफलकाच्या शेजारी एकेक तुकडा चिकटवून मुलांना त्यावर कोरड्या पेन्सिलीने, पडद्याकडे पाहत, वर्तुळे काढावयास लावा. तळहात कोठे टेकतो, कोपर कोठे अडते, हे आठवड्यात दिसेल. मागणीपत्रावर सही त्यानंतर करावी. खडू मात्र फळ्यापाशी भरपूर ठेवा. मघाशी पाहिले तेव्हा तेथे दोनच तुकडे होते.